दहा विड्यांची बातमी

आमच्या गावच्या देवीची यात्रा चैत्रात असते. गाव वारज्याच्या पलीकडे, मुठेच्या काठाला. आता ते पुणे महापालिकेत आहे आणि त्याला गाव म्हणणारे थोडे उरले आहेत. यात्रेच्या पहाटे पालखी नदीवर जायची, देवीला स्नान व्हायचं, दिवसभर पालखी घरोघरी फिरायची आणि दिवेलागणीला देवळासमोर परत यायची. तिथे मानकऱ्यांना विडे दिले जायचे. विडे अकरा. पानं, सुपारी, हळकुंड, खोबऱ्याचा तुकडा, वर दोऱ्याचे दोन वेढे.

दहा विडे गुरवाच्या ताटात असत. अकरावा ताटात नसे. तो पहाटेपासून पालखीत, देवीच्या मुखवट्याला टेकून ठेवलेला असे. दिवसभरात त्याच्यावर कुंकू पडून पानं लाल होत.

पहिली हाक पाटलाच्या घराला, शेवटची कुंभाराच्या. बाहेरच्या माणसाला वाटायचं की पहिला तो मोठा आणि शेवटचा तो उरलासुरला. गावात उलट होतं. पाटलाच्या घरी पाहुण्यांची पंगत खोळंबलेली असते, म्हणून त्याला आधी मोकळं करायचं, असं गुरव सांगायचा. पाटलाच्या घराने ते कधी नाकारलं नव्हतं. कुंभाराच्या हातात विडा पडेपर्यंत मात्र पालखी खांद्यावरून उतरत नसे. देवीच्या स्नानासाठी पहाटे नवी घागर नदीवर न्यायची, हे कुंभाराचं काम. दिवसातली पहिली सेवा त्याची, म्हणून शेवटचा मान त्याचा.

तो कुंभार म्हणजे माझे वडील.

वडील विडा उपरण्यात बांधून घरी आणायचे आणि मडकी भाजायचा पुढचा आवा रचला की त्या भट्टीच्या तोंडाशी ठेवायचे. मग आवा पेटायचा. याबद्दल ते फार बोलत नसत. "विडा आला, वरीस लागलं," एवढंच म्हणायचे. आई गेली त्या वर्षीही म्हणाले होते.

मी नारायण पेठेतल्या एका दैनिकात उपसंपादक होते. उपनगरांचं पान माझ्याकडे असायचं. ‘उदारीकरण’ हा शब्द तेव्हा अग्रलेखातून निघून जाहिरातींपर्यंत पोचला होता. संगणकाचे वर्ग, परदेशी बनावटीच्या गाड्या, शहराबाहेरच्या गृहसंकुलांची चित्रं. चित्रांतल्या इमारतींमागे डोंगर दाखवलेला असे. त्यातला एक डोंगर आमच्या गावचा होता.

त्या वर्षी यात्रेच्या आधी वडील म्हणाले, "औंदा जरा पेपरात येऊ दे की."

याआधी त्यांनी माझ्या नोकरीतून काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी विचारलं, "आत्ताच का?"

"जमिनीचे मोजणीवाले फिरायला लागल्यात. गाव हाय तवर छापून येऊ दे."

मी बातमी लिहिली. आमच्या धंद्याचा एक नियम आहे: महत्त्वाचं वर, त्याहून कमी महत्त्वाचं खाली. जागा कमी पडली की पान लावणारा खालून कापतो. तो विचार करत नाही, त्याने करायचाही नसतो. यात्रेत वजनदार ते शेवटी येतं. मला दोन्ही नियम पाठ होते. मानकऱ्यांची नावं मी हाकेच्या क्रमानेच दिली आणि शेवटी लिहिलं की अखेरचा विडा प्रथेप्रमाणे कुंभार घराण्याला देण्यात आला, त्यानंतरच पालखी खांद्यावरून उतरवण्यात आली. छापील कॉलमात या मजकुराच्या चार ओळी झाल्या.

पान संध्याकाळी सातला सुटायचं. साडेसहाला एका संगणकवर्गाची जाहिरात आली आणि माझ्या बातमीखालची जागा गेली. मुख्य उपसंपादक प्रूफ घेऊन माझ्या टेबलापाशी आले. "चार ओळी जास्त होतायत, बाई. काढा."

"कुस्त्यांची ओळ काढू?"

"कुस्त्या लोक वाचतात." त्यांनी खालचा परिच्छेद वाचला. "हे कुंभार घराणं म्हणजे आपलंच का?"

"हो."

"छान. पुढच्या आठवड्यात आपल्याकडचं बारसंही येऊ द्या. फोटोसकट घेऊ."

दोघे-तिघे हसले. मीही हसले. मुख्य उपसंपादक पुढच्या टेबलाकडे गेले. कुंभाराची ओळ काढा असं ते म्हणाले नाहीत, हे इथे नोंदवायला हवं. कुस्त्यांचा मजकूरही तेवढाच होता. फडाच्या मालकाचं नाव, शेवटच्या जोडीची नावं, नारळाची कुस्ती. त्यावर रेघ मारली असती तरी पान बसलं असतं.

मी खालच्या चार ओळींवर रेघ मारली. ते करताना मला बरं वाटलं. आपल्या माणसांना आपण पानात जागा देत नाही, ही शिस्त मला अंगी आणायची होती, आणि ती त्या दिवशी सगळ्यांसमोर सिद्ध झाली.

मग लक्षात आलं की वर ‘अकरा मानकऱ्यांना विडे देण्यात आले’ असं आहे आणि खाली नावं दहाच उरली आहेत. आकडा आणि यादी जुळली नाही की उपसंपादकाला ते खुपतं. मी ‘अकरा’ खोडून ‘दहा’ केलं. मथळा ‘देवीची यात्रा उत्साहात’ असा होता. तेव्हा सगळ्या यात्रा उत्साहातच होत. पान सातच्या आत सुटलं.

वडिलांना अक्षरं लागत, पण बारीक छपाई वाचवत नसे. त्यांना रोज सकाळी पारावर बसून पेपर वाचून दाखवायचे ते शेजारच्या वस्तीतले काका. कलेक्टर कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले, चौथीपर्यंत वडिलांच्या वर्गात. वडील त्यांना साहेब म्हणत आणि बाकी अरेतुरे करत. काकांच्या घरालाही यात्रेत एके काळी विडा होता. छप्पन साली ते घर बौद्ध झालं तेव्हा काकांच्या वडिलांनी चावडीवर जाऊन सांगितलं की उद्यापासून आमच्या घराला हाक मारू नका. बाराचे अकरा विडे तेव्हा झाले.

रविवारी मी गावी गेले. दोघे पारावर होते. पेपर काकांच्या मांडीवर.

"दहा लिहिलंय," काका मला म्हणाले.

"जागा कमी पडली, काका."

"जागा कमी पडली तर ओळ जाते. आकडा कसा बदलतो?"

कारकुनाचा प्रश्न होता.

"आसू दे रं," वडील म्हणाले. "तिला काय एकच काम हाय का? आणि पेपरानं काय हुतंय? गावाला ठाऊक हाय."

दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापता आली असती. ‘अनवधानाने’ या शब्दाने सुरू होणाऱ्या दोन ओळी, आतल्या पानावर. त्यासाठी मला मुख्य उपसंपादकांकडे जावं लागलं असतं आणि बारशाबद्दल पुन्हा ऐकावं लागलं असतं. मी गेले नाही.

पुढच्या वेळी गावी गेले तेव्हा देवळात, घंटेच्या डाव्या हाताला, ते कात्रण लावलेलं होतं. प्लायवूडच्या तुकड्यावर खळीने चिकटवलेलं, वर पारदर्शक कागद. गुरव म्हणाला, "तुझ्या बानं आणून दिलं. लेकीनं लिवलंय म्हनला, लाव देवीपुढं."

गाव महापालिकेत गेलं. जमिनी आधीच गेल्या होत्या. जिथे वडील माती भिजवत त्याच्या पलीकडे सात मजली इमारती आल्या. सकाळी त्यांच्या फाटकांपुढे हिंजवडीला जाणाऱ्या कंपन्यांच्या बस थांबत आणि गळ्यात ओळखपत्रं घातलेली मुलं-मुली त्यांत चढत. आव्याच्या धुराबद्दल एका सोसायटीने महापालिकेला अर्ज दिला. अर्ज योग्य होता. त्यांच्या गॅलऱ्यांत खरोखर काजळी जात होती. वडिलांनी आवा वर्षातून एकदाच पेटवायचा असं लिहून दिलं. त्या एका आव्यात थोडे माठ आणि पुढच्या यात्रेची घागर भाजली जाई. विड्यामुळे धंदा चालत होता किंवा विडा गेल्यामुळे तो बसला, असं मी म्हणणार नाही. धंदा आधीच बसला होता. विडा तेवढा चालू होता.

मग गुरव वारला. त्याचा मुलगा एका कंपनीच्या गेटवर सुरक्षारक्षक होता. पाळी बदलून घेऊन तो देवीची पूजा करायचा. देवळाचा जीर्णोद्धार निघाला. दगडी भिंतींवर संगमरवर चढला. नवी समिती झाली. अध्यक्ष पाटलांचा नातू. चिटणीस सोसायटीतला एक संगणक अभियंता, मूळचा नागपूरकडचा, चाळिशीच्या आतला, फार अदबीने बोलणारा. त्याच्याबद्दल वाईट लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही. त्याने पाण्याची टाकी बसवून घेतली, चपलांसाठी मांडणी केली, यात्रेचा कार्यक्रम वेळेवर सुरू होईल असं पाहिलं. त्याच्या स्वतःच्या गावच्या देवळात जुनं काही उरलं नव्हतं, म्हणून इथलं टिकावं असं त्याला मनापासून वाटायचं. मानकऱ्यांची नावं संगमरवरावर कोरायची कल्पना त्याचीच.

त्याने गुरवाच्या मुलाकडे यादी मागितली. मुलगा म्हणाला, "ती बाबांच्या तोंडात होती. एक हाक ऐकली की मला पुढची आठवते. खुर्चीत बसून नाही सांगता येत."

"मग लिखित काही आहे?"

गुरवाच्या मुलाने घंटेच्या बाजूचं प्लायवूड काढून त्याच्या हातात दिलं.

पाटीचा कच्चा मजकूर देवळाबाहेर लागला त्यात दहा घरं होती. काकांनी तो वडिलांना वाचून दाखवला. वडील तसेच उठून समितीच्या खोलीत गेले. तिथे काय झालं ते मला काकांनी नंतर सांगितलं. ते दारात उभे होते.

चिटणीस उभा राहिला, वडिलांना खुर्ची दिली. "काकाजी, मी सगळ्यांना विचारलं. हे पेपरमध्ये आलेलं आहे, इतक्या वर्षांपूर्वीचं. तेव्हा तर कोणाचा इंटरेस्ट नव्हता ना यात. दहाच लिहिलंय."

"ते चुकलंय," वडील म्हणाले. "लिवणारी माझीच लेक हाय."

"तुमची मुलगी?" चिटणिसाचा चेहरा उजळला. "मग तर प्रश्नच मिटला, काकाजी. आपल्या घरचं ती कसं विसरेल?"

वडिलांनी अध्यक्षाकडे पाहिलं. पाटलांचा नातू लहान असल्यापासून दर वर्षी देवळाच्या पायरीवर उभा राहून अकरा विडे पाहत आला होता. तो टेबलावरच्या फोनकडे पाहत म्हणाला, "आपण कागदावर जाऊ, दादा. म्हंजे वाद नको."

अकरा पाहिले असं तो का म्हणाला नाही, ते मी खात्रीने सांगू शकत नाही. पाटी वरून खाली वाचली जाते आणि तिच्यावर पहिलं नाव त्याच्या घराचं होतं, इतकंच माहीत आहे.

बाहेर आल्यावर काका वडिलांना म्हणाले, "आमच्या बापानं सोडला तो आपल्या पायानं चावडीवर जाऊन. तुझा तर हातातनं काढून घेतायत, आणि वर खुर्ची देतायत बसायला."

"साहेब, तू गप," वडील म्हणाले.

दोन दिवसांनी वडील नारायण पेठेत माझ्या ऑफिसात आले. यापूर्वी कधी आले नव्हते. पांढरा शर्ट, टोपी, हातात पिशवी. पिशवीत समितीकडून मागून आणलेलं प्लायवूड. दारवानाने त्यांना बाकावर बसवून मला निरोप दिला.

"हे नीट छापून पायजे," ते म्हणाले. "आकरा."

मी कात्रण घेऊन संपादकांकडे गेले. तोवर मुख्य उपसंपादक निवृत्त झाले होते आणि त्यांच्या खुर्चीवर मी होते. संपादकांनी कात्रण दिव्याजवळ धरून वाचलं.

"मूळ कॉपी आहे?"

"नाही. तीन महिन्यांनी रद्दीत जाते."

"मग दुरुस्ती कशाच्या आधारावर करायची?"

"माझ्या."

"अहो, आपण पेपर काढतो. वारसाच्या नोंदी करायला तलाठी असतो." त्यांनी कात्रण परत दिलं. "आणि चूक दुसऱ्या दिवशी सकाळी चूक असते. इतक्या वर्षांनी तिला संदर्भ म्हणतात."

त्यांच्या जागी मी असते तरी हेच म्हणाले असते. बहुधा याच शब्दांत.

वडील बाकावर टोपी काढून बसले होते. मी शेजारी बसले. "छापत नाहीत, आबा."

"का?"

"फार दिवस झाले म्हणतात."

"तू लिवलंस तवा कुणाला इचारून लिवलं हुतंस?"

तेव्हा मी त्यांना सांगितलं. आधी सांगायला हवं होतं. सांगितलं त्या बाकावर. बातमीत अकरा होते. शेवटच्या चार ओळी मी काढल्या. आकडा मी बदलला. कोणी सांगितलं नव्हतं.

वडिलांनी माझ्या हातातलं प्लायवूड काढून घेतलं.

"त्याच का काढल्या?"

"आपल्या घरच्या होत्या म्हणून."

"परक्याच्या आसत्या तर?"

"ठेवल्या असत्या."

त्यांनी टोपी घातली. प्लायवूड पिशवीत ठेवलं आणि डेक्कनपर्यंत मी सोबत येते म्हटलं तर नको म्हणाले. वारज्याची बस कुठे थांबते ते त्यांना दारवानाने सांगितलं.

मी समितीला पत्र दिलं. एक पान, सही, तारीख. घडलं ते क्रमाने लिहिलं आणि मानकरी अकरा असल्याचं नमूद केलं. चिटणिसाने मला रविवारी सकाळी बोलावलं. सभामंडपात नव्या संगमरवरावर सतरंजी घातली होती. समोर लॅपटॉप. त्याने पत्र दोनदा वाचलं.

"ताई, मी समजू शकतो. रिअली. पण प्रोसेस फेअर पाहिजे ना? तुम्ही त्यांची मुलगी आहात. तुमचं स्टेटमेंट आम्ही घेतलं तर उद्या प्रत्येक घर आपापली मुलगी घेऊन येईल."

"मी पेपरात काम करते. ती बातमी मीच केली होती."

"तेच तर. तेव्हा तुम्ही न्यूट्रल होता. आता नाही आहात." तो हे खोचून बोलला नाही. त्याला ते खरंच अवघड वाटत होतं. "आणि समजा तेव्हाच तुम्हाला वाटलं की आपल्या घरचं लिहू नये, तर ते करेक्टच होतं ना? मी पण तसंच केलं असतं."

अध्यक्ष खांबाला टेकून उभा होता. मी त्याला विचारलं, "तुम्ही पाहिलेत ना अकरा?"

"पाह्यलं तर लई काय काय, ताई," तो म्हणाला. "सगळं कुठं कोरायचं?"

दोन-तीन लोक हसले. हसणाऱ्यांत गावातले होते. त्यांच्यातल्या दोघांच्या वडिलांना मी विडे घेताना पाहिलं होतं. त्यांच्यानंतर माझ्या वडिलांची हाक यायची. त्यांना ठाऊक होतं. गावाला ठाऊक होतं.

पाटी कोरली गेली. दहा घरं, सोनेरी रंग भरून.

त्या वर्षीच्या यात्रेला मी रजा घेतली. वडिलांनी पहाटे घागर नेली. मी म्हटलं होतं, नेऊ नका. ते म्हणाले, "घागर देवीची हाय. समितीची न्हाई." नदीवर गुरवाच्या मुलाने ती घेतली, भरली, देवीला स्नान झालं. घागरीबद्दल कोणी लेखी पुरावा मागितला नाही.

दिवेलागणीला पालखी परत आली. खांदेकरी सोसायट्यांमधले तरुण होते, एकसारखे कुर्ते, एकसारखे फेटे. त्यांनी दोन रविवार सराव केला होता आणि चालही चांगली धरली होती. ध्वनिक्षेपकावरून चिटणीस कागद पाहून घरांची नावं वाचत होता, गुरवाचा मुलगा ताटातून विडे देत होता. वडील त्यांच्या जागी उभे होते, दीपमाळेच्या उजव्या हाताला. दर वर्षी तिथेच उभे राहत. उपरणं दोन्ही हातांवर पसरलेलं. त्यांच्यामागे काका. ते यात्रेला एरवी येत नसत. त्या दिवशी आले होते आणि देवळाकडे पाठ करून उभे होते.

दहावा विडा दिला गेला. चिटणीस म्हणाला, "मानाचे विडे संपन्न. पालखी विसावेल." तरुणांनी पालखी लाकडी घोड्यावर अलगद उतरवली. टाळ्या झाल्या. आमच्या यात्रेत टाळ्या वाजल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं.

पालखीत मुखवट्याला टेकून अकरावा विडा होता. गुरवाच्या मुलाने सवयीने पहाटे तो ठेवला होता. त्याच्या हातांनी बापाचे हात पाहिले होते. आता तो पालखीपाशी उभा राहिला आणि त्याने दीपमाळेकडे पाहिलं. वडिलांनी उपरणं थोडं पुढे केलं.

चिटणीस खाली उतरून आला. त्याने विडा पाहिला. "हा एक्स्ट्रा आहे का?"

गुरवाच्या मुलाला दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीला गेटवर जायचं होतं आणि देवळामागची त्याची खोली समितीच्या ताब्यात होती. त्याने एकदा अध्यक्षाकडे पाहिलं.

"हो," तो म्हणाला.

"फुलांबरोबर घ्या मग."

मुलाने विडा उचलला, कपाळाला लावला आणि हारांबरोबर निर्माल्याच्या टोपलीत ठेवला. टाकला नाही, ठेवला. टोपली वडिलांपासून चार हातांवर होती. वडिलांनी ती पाहिली, आणि उपरणं घडी करून खांद्यावर टाकलं. टोपलीतून उचलून घेतलेल्याला मान म्हणत नाहीत, हे त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. एक स्वयंसेविका, गळ्यात समितीचं कार्ड, त्यांच्याजवळ आली. "अंकल, प्रसादाची लाइन त्या साइडने आहे." वडील "बरं" म्हणाले आणि घराकडे चालू लागले. काका त्यांच्यामागून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी समितीचं प्रसिद्धिपत्रक माझ्या टेबलावर आलं. चिटणिसाचं होतं, टाइप केलेलं, शुद्धलेखन बऱ्यापैकी. उपनगरांचं पान माझ्याकडे नव्हतं, पण त्या पानाची उपसंपादक रजेवर होती. पत्रकात लिहिलं होतं, ‘परंपरेनुसार दहा मानकऱ्यांना विडे देण्यात आले.’

मी ते तपासलं. दहाच दिले होते. यादीत नावं दहा होती, क्रम बरोबर होता. तथ्याची चूक एकाच शब्दात होती. मी ‘परंपरेनुसार’ खोडलं. बाकी मजकूर आला तसा सोडला. जाहिरात कमी होती, बातमी पूर्ण बसली, शेवटून काही कापावं लागलं नाही. मथळा मी दिला: ‘देवीची यात्रा उत्साहात’.

रविवारी गावी गेले. आवा पेटलेला नव्हता. रचून ठेवला होता, वर गोवऱ्या, राखेचा थर दिलेला, तोंड उघडं. वडील आणि काका पारावर बसले होते. पेपर काकांच्या मांडीवर, घडी घातलेला. मी आल्याचं पाहून काकांनी तो उलगडला नाही. वडीलच म्हणाले, "वाच की साहेब, हिच्या देखत."

काकांनी बातमी वाचली. छोटी होती. दहा मानकऱ्यांना विडे देण्यात आले, इथे ते थांबले, आणि मग पुढचं वाचून संपवलं.

वडिलांनी मान डोलावली.

"औंदा बरोबर छापलंस," ते मला म्हणाले.